वस्तरा पट्ट्यावर परजायला शिकताना

मृग लागला की आमच्या मालवण किनाऱ्यावर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूची परीक्षा सुरू होते. विळी, कोयती, खिडकीचे गज, सायकलची चेन, कशालाही दोन दिवस हात लावला नाही की तांबूस पूड दिसायला लागते. अशा हवेत साध्या कार्बन पोलादाचा, उघड्या पात्याचा वस्तरा सांभाळायचा आणि त्याने रोजची दाढी करायची म्हटलं की बरेच जण मान हलवतात. पण जमतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गालांवर याच हवेत असाच वस्तरा फिरत होता.

अलीकडे पुन्हा वस्तऱ्याकडे वळलेली तरुण मुलं भेटतात. कुणी नवा घेतलेला असतो, कुणाला मुंबईला नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत इंग्लंडमधल्या शेफील्डचा नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना वस्तरा सापडलेला असतो. तक्रार बहुतेकांची एकच. धार लावून आणला, पहिली दाढी लोण्यासारखी झाली, आणि चौथ्या-पाचव्या दाढीला केस ओढायला लागला. धार लावणाऱ्याने फसवलं असं वाटतं. मी त्यांना चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवून दाखवायला सांगतो, आणि पाचव्या-सहाव्या फेरीलाच कारण डोळ्यांसमोर येतं.

मला हे शिकवलं ते गावातल्या एका वयस्कर काकांनी, ज्यांचं उभं आयुष्य सलूनच्या खुर्चीमागे गेलं. त्यांचं सगळं शिक्षण एका वाक्यात होतं: "वस्तरो झोपव. उठवू नको." खाली जे काही लिहितो आहे ते या वाक्याचाच विस्तार आहे.

पट्टा नेमकं काय करतो

सहाणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, वस्तरा लावणं आणि पट्ट्यावर परजणं ही दोन वेगळी कामं आहेत. सहाण पोलाद झिजवून धार घडवते. ते काम काही महिन्यांतून एकदा लागतं. साधा चामड्याचा पट्टा पोलाद जवळजवळ झिजवत नाही. तो असलेली धार सरळ करतो आणि पुसून स्वच्छ ठेवतो. हे दाढीच्या आधी, दर वेळी करायचं.

धारेचं टोक एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, बारीक असतं. इतकं पातळ पोलाद केस कापताना थोडं वाकतं, कुठे सूक्ष्म कपचाही उडतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तो धारेला कपचा पाडतो, कारण केस वाकतो आणि पात्यावर तिरपा जोर देतो. उडालेला कपचा पट्ट्याने भरून येत नाही. वाकलेली धार मात्र पट्टा सरळ करतो, केस विंचरावेत तशी. दुसरं म्हणजे धारेवर गंजाचा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर चढतो, तोही पट्टा काढतो. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला या दुसऱ्या कामाचं मोल जास्त आहे.

काय लागेल

पट्टा साधारण तीन इंच रुंद आणि २० ते २२ इंच लांब असावा. एका टोकाला अडकवायला कडी, दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. तयार पट्टे ऑनलाइन मिळतात, पण कोकणात राहणाऱ्यांना घाट चढून कोल्हापूर जवळ आहे, आणि तिथे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं मिळतं, जे चपलांसाठी वापरतात. चपलेचं चामडं म्हणून मागू नका, कारण त्याला तेल आणि ठसे असतात. कोरा, तेल न लावलेला, व्रण आणि सुरकुत्या नसलेला, सगळीकडे सारख्या जाडीचा, अडीच-तीन मिलिमीटरचा पट्टा कापून मागा. माझा पट्टा असाच आहे. पहिले दोन आठवडे तो पुठ्ठ्यासारखा कडक होता. रोज संध्याकाळी कोरड्या तळहाताने, थोडा दाब देऊन, पाच मिनिटं चोळला तेव्हा त्याला लवचीकपणा आला.

चामड्याच्या जोडीला तेवढ्याच मापाची कापडी पट्टी हवी. जाड सुती कॅनव्हास चालतो, दाट विणीचा मांजरपाट दुहेरी शिवूनही चालतो. खळ असेल तर आधी धुऊन काढा.

पहिला पट्टा महागाचा घेऊ नका. त्याला काप पडणार आहेत.

पहिला आठवडा वस्तऱ्याला हात नाही

ब्रेडला लोणी लावायची बोथट सुरी घ्या आणि आठवडाभर तिनेच सराव करा. रोज ३० फेऱ्या. एकदा पुढे आणि एकदा मागे मिळून एक फेरी. हे पोरकट वाटतं म्हणून लोक टाळतात आणि दुसऱ्याच दिवशी पट्टा कापून बसतात. हाताला वळण लावण्यापुरता हा आठवडा आहे. तेवढ्यात वेग, ताण आणि वळण या तीन गोष्टी बोटांना कळायला लागतात, आणि चुकलं तर काहीच बिघडत नाही.

जागा आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे पडवीच्या खांबाला खिळा आहे. खिडकीचा मजबूत गजही चालतो. कडी पोटाच्या उंचीपेक्षा जरा वर यावी. आजूबाजूला लहान मुलं, कोंबड्या, मांजर नको. उघडा वस्तरा हातातून सुटला तर तो पकडायला हात घालायचा नाही, पाय मागे घ्यायचे. हे आधी मनात पक्कं करून ठेवा, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो आणि हात आपोआप पुढे जातो.

पट्टा धरणं

डाव्या हाताने मूठ धरून पट्टा आपल्याकडे ओढा. डावखुरे असाल तर सगळं उलट करा. ताण असा हवा की वस्तरा टेकवल्यावर पट्टा खाली झुकू नये. पट्टा झोळीसारखा सैल पडला की चामडं धारेला कवटाळून वर येतं आणि दर फेरीला तिचं टोक गोल करतं. अशी धार एका दिवसात जात नाही, ती हळूहळू मरते, म्हणून नवख्याला कारण सापडत नाही. डावा अंगठा मुठीच्या खाली ठेवा. पट्ट्याच्या वरच्या बाजूला आलेला अंगठा वस्तऱ्याच्या वाटेत असतो.

सुरुवात करण्याआधी दर वेळी तळहात पट्ट्यावरून फिरवा. किनाऱ्यावरच्या घरात वाळूचा कण कुठूनही येतो, आणि एक कण धारेला दाता पाडायला पुरेसा आहे. माझ्या ओळखीच्या एकाने पट्टा दर्याकडच्या खिडकीत टांगला होता. त्याचा वस्तरा सतत धार सोडायचा. पट्टा आतल्या खोलीत नेला आणि त्रास थांबला.

हात कसा चालवायचा

वस्तरा पूर्ण उघडा, म्हणजे दांडी आणि पातं एका रेषेत येतील. पातं जिथे दांडीला जोडलं जातं तिथल्या मानेवर अंगठा आणि तर्जनी ठेवा. बाकीची बोटं दांडीवर सैल.

आता पातं पट्ट्यावर आडवं ठेवा. त्याच्या दोन रेषा चामड्याला टेकल्या पाहिजेत, जाड पाठ आणि धार. कोन किती ठेवायचा हा प्रश्नच इथे नाही. पाठीच्या जाडीने तो कोन वस्तरा बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेला असतो. आपलं काम एवढंच की पाठ उचलायची नाही. काकांचं "झोपव" म्हणजे हेच.

दिशा नेहमी एकच: पाठ पुढे, धार मागे. आपल्यापासून दूर नेताना धार आपल्याकडे असते, आपल्याकडे आणताना धार पलीकडे असते. धार पुढे करून एक इंचही सरकला तर पट्टा कापला जातो.

दाब किती, हा सगळ्यांचा प्रश्न. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतका, आणि पाठ चामड्यावरून सुटू नये एवढाच. जोर वाढवल्याने धार लवकर येत नाही. शंका असेल तेव्हा कमी दाब द्या. हाताला हलकी खेच जाणवते, जणू चामडं पात्याला धरून सोडतंय. ती खेच सगळीकडे सारखी लागली पाहिजे. आवाजही सारखा हवा, कोरड्या झावळीवरून हात फिरवावा तसा. मधेच आवाज बदलला तर पातं एका बाजूला कललं आहे.

पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर सरळ रेषेत चालवून भागत नाही. मानेकडची बाजू पट्ट्यावर ठेवून सुरुवात करा आणि दूर नेता नेता वस्तरा तिरपा सरकवत टोकाकडची बाजू पट्ट्यावर आणा. येताना पुन्हा तसंच. दोन्ही वाटा मिळून फुलीसारखा आकार होतो. मी तीन इंची पट्ट्यावरही थोडा तिरपाच चालवतो, कारण जुन्या वस्तऱ्यांची धार क्वचितच अगदी सरळ असते.

वळण

खरं शिकणं इथे आहे. पट्टा कापला जातो तो इथे, आणि धार मरते तीही इथेच.

पातं पट्ट्याच्या टोकाला पोचतं तेव्हा नवखा माणूस हात उचलतो, मनगट फिरवतो आणि पातं दुसऱ्या अंगावर आपटतो. किंवा त्याहून वाईट, पाठ थांबायच्या आधीच धारेवरून वळतो. दोन्हीत धार चामड्यात रुतते.

बरोबर वळण संथपणे बघूया. टोकाच्या दोन बोटं अलीकडे वस्तरा थांबवा. पूर्ण थांबवा, अजून वळायचं नाही. पाठ आणि धार दोन्ही चामड्यावर आहेत. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यात मान फिरवा, पेन्सिल बोटांत फिरवावी तशी. मनगट जागचं हलत नाही, कोपर हलत नाही. धार चामड्यावरून उठते, सरळ वर येते आणि पलीकडे उतरते. या सगळ्या वेळात पाठ चामड्याला टेकलेलीच असते. भरतीचं पाणी चढायला लागलं की नांगरलेली होडी फिरते, नांगर मात्र जागेवर असतो. पाठ म्हणजे तो नांगर. धार दुसऱ्या बाजूला चामड्याला टेकली, पातं पुन्हा झोपलं, आणि मगच हात उलट दिशेने सरकवा.

धार टेकताना "टक" असा आवाज आला तर पातं आपटलं. आवाजच येऊ नये. डोळे मिटून, बोथट सुरीने, फक्त वळणाचा सराव करा. हात पुढे-मागे न नेता एकाच जागी पाठ टेकवून सुरी इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझा अनुभव सांगतो की हे शंभर वेळा केल्यावर बोटं सुधारतात आणि मग पट्ट्यावरच्या फेऱ्या आपोआप सुधारतात. वेग वाढवायची गरज नाही. सलूनमध्ये पाहिलेला तो झपाझप चालणारा हात वर्षांच्या सरावाने येतो, आणि संथ हाताने परजलेली धार तेवढीच चांगली असते.

मी एकदा सराव पुरा न करता वस्तरा हातात घेतला होता. चौथ्या दिवशी फोन वाजला, मान वळली, आणि हात चालतच राहिला. पट्ट्याच्या जवळच्या टोकापासून दीड इंचावर चंद्रकोरीसारखा काप पडला. तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि परजताना मी कुणाशी बोलत नाही.

काप पडला तर

घाबरू नका, पण त्या कापावरून पुन्हा वस्तरा फिरवू नका. वर उठलेली चामड्याची जीभ धारेत अडकते. काप उथळ असेल तर बारीक पॉलिश पेपर एका सपाट लाकडी तुकड्याला गुंडाळून ती जागा हलक्या हाताने सपाट करा, भुसा पुसून काढा, तळहाताने चोळा. जीभ मोठी असेल तर तिच्याखाली चपला चिकटवायच्या रबरी गोंदाचा पातळ थर द्या, रात्रभर वजनाखाली ठेवा आणि मग घासा. आरपार गेलेला काप असेल तर पट्टा तिथे तोडून छोटा करायचा, नाहीतर नवा घ्यायचा. वस्तऱ्याची धारही तपासून घ्या, तिला बहुतेक सहाण लागते.

किती फेऱ्या

दाढीच्या आधी कापडावर २० फेऱ्या आणि नंतर चामड्यावर ५०. एवढ्याने चांगल्या धारेचा वस्तरा रोजच्या दाढीला तयार होतो. दाढी झाल्यावर पातं धुऊन, पुसून, कापडावर दहा फेऱ्या, म्हणजे धारेजवळची ओल निघते. दाढीनंतर लगेच चामड्यावर नेऊ नका, साबणाचा अंश आणि ओल चामड्यात शिरते.

पारख करायला धारेवरून अंगठा फिरवू नका. मनगटावरचे केस पुरेत. पातं त्वचेपासून चार-पाच मिलिमीटर वर धरून हलकेच पुढे न्या. केस वरच्या वर तुटले तर वस्तरा तयार आहे. पुढची परीक्षा गालावरच, साबण नीट मुरवून, पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर धरून.

हिरव्या रंगाची क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट हल्ली बऱ्याच जणांकडे असते. तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, आणि ते पोलाद झिजवतात. ती रोजच्या चामड्याला कधीही लावू नका, एकदा मुरली की निघत नाही. हवीच असेल तर वेगळ्या कापडी पट्टीला अगदी कमी लावा, धार सुस्तावली असेल तेव्हा पाच-सात फेऱ्या मारा, आणि पुन्हा स्वच्छ चामड्यावर या. पहिले सहा महिने मी नवख्याला पेस्ट देतच नाही. पेस्टने धार सावरली जाते आणि हाताची चूक लपून राहते.

खारा वारा आणि पाऊस

वस्तरा गंजतो तो सगळ्यांत आधी धारेवर, कारण तिथे पोलाद सर्वांत पातळ असतं. तांबडा डाग दिसेपर्यंत धार केव्हाच गेलेली असते. म्हणून दाढी झाल्यावर चहाआधी हे उरका. पातं गोड्या पाण्यात धुवा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते वस्तऱ्याला वापरू नका. दांडी पाण्यात बुडवू नका. पातं आणि दांडी जोडणाऱ्या खिळ्याजवळ पाणी शिरलं की ते सुकत नाही आणि गंज आतून सुरू होतो. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, उलटं, धारेकडून पाठीकडे, कधीही नाही. मग तासभर उघडाच उंचावर, मुलांच्या हाताला येणार नाही असा ठेवा, आणि दांडीत मिटण्याआधी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही अंगांना लावा. पुढच्या वेळी कापडी पट्टीवर जाण्याआधी ते तेल पुसून घ्यायचं. घामेजल्या बोटांनी पात्याला हात लावू नका, घामातल्या मिठाचा ठसा दुसऱ्या दिवशी गंज होऊन दिसतो.

पट्ट्याला खोबरेल लावायचा मोह कोकणात प्रत्येकाला होतो, कारण आपण ते सगळ्यालाच लावतो. चामडं त्याने मऊ आणि चिकट होतं, पात्याची खेच बिघडते. तळहाताचं नैसर्गिक तेल त्याला पुरतं.

आषाढ-श्रावणात पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. कोरड्या कापडाने घराबाहेर झटकून पुसा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. उन्हात टाकलं तर चामडं वाकतं आणि तडकतं. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. चामड्याच्या म्यानातही नको, ते ओल धरून बसतं. माझा वस्तरा जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतो, सोबत कोरड्या कढईत भाजून गार केलेल्या मूठभर तांदळांची कापडी पुरचुंडी. तांदूळ दर आठवड्याला पुन्हा भाजतो. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही चालतात.

आणखी एक. वस्तरा एकाचाच असावा, भावाचाही नको. त्वचा कुठेतरी कापली जाते आणि रक्तातून हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही पसरू शकतो. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि गिऱ्हाइकागणिक ब्लेड बदलतात, त्यामागे हेच कारण आहे.

पट्टा हरतो तेव्हा

पट्ट्याने सगळं होत नाही. मी एकदा एका संकेतस्थळावरून अगदी स्वस्तात वस्तरा मागवला होता. दिसायला देखणा, पण शंभर फेऱ्या मारूनही मनगटावरचा केस तुटेना. त्याला मुळात धार घडवलेलीच नव्हती. नसलेली धार पट्टा आणू शकत नाही. नवा वस्तरा घेतला तर आधी सहाण जाणणाऱ्याकडून लावून घ्या. हे काम साधारण १००० नंबरच्या खरखरीत दगडापासून सुरू होऊन १२००० नंबरच्या अगदी बारीक दगडापर्यंत जातं, आणि स्वयंपाकघरातल्या निसण्यावर ते करायचं नाही.

लावून आणलेला वस्तरा नीट परजला तर रोजच्या दाढीला दोन-तीन महिने सहज चालतो. सगळं बरोबर करूनही हनुवटीवर केस ओढायला लागले तर चामड्यावर आणखी २० फेऱ्या मारून पाहा. तरी ओढला तर दिवस वहीत लिहून ठेवा आणि वस्तरा सहाणेला पाठवा. पुढच्या वेळी तो काळ लांबला की आखडला, हे त्या वहीतून कळेल.